सव्वीस माणसं आणि एक दिंडी : कसब्यातल्या पहाटेच्या वॉकचं प्रकरण

मी आणि माझा मामेभाऊ, आम्ही दोघं मिळून पुण्यात पहाटेचा हेरिटेज वॉक घेतो. दर रविवारी सकाळी सहाला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर जमायचं, तिथून लाल महाल, कसबा गणपती, मग पेठेच्या आतल्या बोळातून एका जुन्या वाड्याच्या चौकात, पुढं तांबट आळी आणि नागझरी ओलांडून सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीपाशी शेवट, मग अमृततुल्यमधे चहा. सव्वाआठ-साडेआठ होतात. जानेवारीतल्या एका रविवारी यातल्या वाड्याच्या चौकात जे झालं ते इथं नीट लिहून ठेवतेय, कारण असे वॉक घेणारे आता बरेच जण आहेत आणि ज्या गोष्टी आम्हाला तोंडावर पडल्यावर कळल्या त्या त्यांना आधी कळाव्यात असं मनापासून वाटतं.

पहाटच का, तर दिवसा कसबा पेठेत उभं राहून काही दाखवताच येत नाही. दुचाकी, टेम्पो, हॉर्न, आणि बोळाच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. सहा ते सव्वासात या वेळात तोच बोळ अख्खा दिसतो, दगडी जोतं दिसतं, त्यावर विटांची भिंत, मधे कुठंतरी लाकडी गज असलेली खिडकी, आणि मुख्य म्हणजे हळू आवाजात बोललं तरी ऐकू जातं. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्यावरच आहे.

आम्ही सुरू केलं तेव्हा माणसं पाच-सहा यायची, मग आठ-नऊ, आणि आम्ही बारापर्यंत घ्यायचं असं ठरवलं होतं. बारा का, याला आमच्याकडं खरं काही उत्तर नव्हतं, बारा हा आकडा बरा वाटला एवढंच. माणशी चारशे रुपये घ्यायचो. वाड्याची परवानगी मामेभावाच्या ओळखीतून मिळालेली, मालक कोथरूडला राहतात, त्यांनी फोनवर सांगितलं की खुशाल जा, चौकात उभे राहा, वर जिन्यानं जाऊ नका, लाकूड खराब झालंय. आम्ही कधी वर गेलो नाही. चौकात दहा-बारा मिनिटं थांबायचो, सुरूचे खांब म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकारात घडवलेले खांब, कडीपाटाचं म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत, भिंतीतल्या देवळ्या दाखवायचो आणि चौकातल्या नळापाशी कात्रजच्या पाण्याची गोष्ट सांगायचो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालून माणूस आत चालू शकेल एवढा नळ शहरापर्यंत आणला, उतारानं पाणी आपोआप यायचं, मधे मधे हवेसाठी उच्छ्वास, आणि पेठांमधे जागोजागी हौद. काळा हौद, नाना हौद ही नावं लोकांना माहीत असतात पण त्यात पाणी कुठून यायचं ते माहीत नसतं, त्यामुळं ही गोष्ट ऐकताना सगळे गप्प होतात. समोर नळ, नळाखाली भरलेले हंडे-कळश्या, आणि आम्ही अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या पाण्याबद्दल बोलतोय, मला ती जागा फार आवडायची.

तर डिसेंबरच्या शेवटी एका आयटी कंपनीतून फोन आला की आमच्या टीमसाठी वॉक हवाय, सव्वीस माणसं आहेत, जानेवारीतला दुसरा रविवार. जानेवारीत शनिवारवाड्याची मागणी वाढतेच, १० जानेवारी १७३० ला त्याची पायाभरणी झाली हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. मामेभाऊ म्हणाला दोन रविवारी तेरा-तेरा करू, त्यांना ते नको होतं, सगळे एकत्रच हवे होते. सव्वीस गुणिले चारशे, दहा हजार चारशे. आमच्या तीन रविवारांची कमाई एका सकाळी. मी हो म्हणाले. तो निर्णय माझा होता, मामेभावाचा नाही, हे स्पष्ट लिहिते.

एवढ्या लोकांना ऐकू जावं म्हणून आम्ही कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि माइक घेतला, गाइड लोक वापरतात तसला. दिल्ली दरवाज्यापाशी काहीच अडचण आली नाही. तिथं मोकळं पटांगण आहे, अंधार होता, दरवाज्यावरचे सुळे टॉर्चनं दाखवले, हत्तीच्या कपाळाच्या उंचीला ते का ठोकलेत ते सांगितलं, २७ फेब्रुवारी १८२८ ची आग सांगितली, आतलं सगळं लाकडी काम जळून गेलं आणि बाहेरचा तट तेवढा राहिला. लोक खूश होते. लाल महालापाशीही ठीक, ५ एप्रिल १६६३ ची रात्र आणि शाहिस्तेखानाची बोटं ऐकायला कुणालाही आवडतं, आणि आत्ताची इमारत महापालिकेनं नंतर बांधलेली आहे, मूळ महाल राहिलेला नाही, हे सांगितल्यावर दरवेळी दोघं-तिघं तरी चकित होतात. इथपर्यंत सव्वीस माणसं म्हणजे काय हे आम्हाला जाणवलंच नाही.

जाणवायला लागलं कसबा गणपतीनंतर. बोळ एवढा अरुंद की दोघं शेजारी शेजारी चालले की तिसऱ्याला जागा नाही, शिवाय लावलेल्या गाड्या, म्हणजे जवळजवळ एकेरीच रांग. मी पुढं, मामेभाऊ मागं, आणि मधली माणसं आपापसात बोलतायत, वाईट काही नाही, ऑफिसमधली मंडळी रविवारी एकत्र आल्यावर बोलणारच. मी वाड्याच्या दारात पोचले तेव्हा शेपटी आधीच्या वळणाच्या मागं होती आणि मामेभाऊ मला दिसतही नव्हता. ते सगळे यायला थांबले, तोपर्यंत पुढचे दहा-बारा जण दारासमोर उभं राहून गप्पा मारत होते.

मग दिंडी. ज्यांनी वाडा बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, मोठा दरवाजा रोज उघडत नाहीत, त्याच्याच एका फळीत छोटं दार असतं ती दिंडी. खाली उंबरा, चांगला वीतभर उंच, आणि वरची चौकट छातीच्या जरा वर, म्हणजे एकाच वेळी पाय उचलायचा आणि डोकं वाकवायचं. मी पहिल्याला सांगितलं, डोकं सांभाळा, खाली उंबरा आहे. त्यानं मागच्याला सांगितलं. तिनं तिच्या मागच्याला. असं सव्वीस वेळा. काळजीनं, चांगल्या मनानं, आणि प्रत्येकानं मागच्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात. दोघांची डोकी आपटलीच, त्यावर हसणं झालं. मी नंतर घरी बसून हिशोब केला, माणशी सहा सेकंद धरले तरी अडीच मिनिटं होतात, आणि ती अडीच मिनिटं तो सगळा आवाज दिंडीच्या बोळकांडीतून थेट चौकात जात होता. चौक म्हणजे चारी बाजूंनी खोल्या, वर आकाश. आवाज खाली पडला की वर चढतो, तिन्ही मजल्यांवर पोचतो. नऊ माणसांच्या वेळी हेच पाऊण-एक मिनिटात संपायचं आणि कुणाला पत्ता लागायचा नाही.

चौकात सव्वीस माणसं मावली, पण काही जण ओसरीच्या पायऱ्यांवर चढले कारण दुसरीकडं जागाच नव्हती. ओसरी म्हणजे कुणाच्यातरी घराचा भाग, तिथं चपला होत्या, वाळत घातलेले कपडे होते. मी माइक चालू केला. सुरूच्या खांबाबद्दल दोन वाक्यं बोलले असेन. तेवढ्यात एकानं मोबाईलचा टॉर्च लावून भिंतीतल्या भेगेचा फोटो काढला, मग तुळईचा, जिथं लाकडाला खाली लोखंडी टेकू दिलाय तिथला. हौशी माणूस, त्याला ते जुनं बांधकाम खरंच बघायचं होतं.

वरच्या मजल्यावरचं दार उघडलं आणि एक काका कठड्याशी आले. अंगावर स्वेटर, डोळे लाल. म्हणाले, "कोण तुम्ही? कशाचे फोटो घेताय? कुणी पाठवलंय?" मी सांगायला लागले की काका आम्ही हेरिटेज वॉक, मालकांची परवानगी आहे. ते ऐकल्यावर तर ते जिन्यानं खालीच आले. "मालकांची परवानगी? म्हणजे मालकांनीच पाठवलंय ना?" एकेक दार उघडत गेलं. एका घरात तान्हं बाळ रडायला लागलं. एक ताई म्हणाल्या की माझा मुलगा रात्रपाळी करून चार वाजता झोपलाय, तुम्हाला लाज नाही का वाटत. आणि ओसरीवरच्या आजी, ज्यांच्या दारात माणसं चढून उभी होती, त्या काही बोलल्याच नाहीत, त्यांनी फक्त आपल्या चपला उचलून आत नेल्या.

आम्ही माफी मागून बाहेर पडलो. बाहेर पडायलाही पुन्हा अडीच मिनिटं. तांबट आळीत आणि त्रिशुंडला गेलो, वॉक पूर्ण केला, पण माझं बोलण्यात लक्ष नव्हतं. संध्याकाळी मामेभावाला मालकांचा फोन आला की भाडेकरूंनी मला फोन करून भांडण काढलंय, तुम्ही काय केलंत तिथं?

आता हे का झालं. पहिल्यांदा आम्ही दोघंही म्हणत होतो की माणसं जास्त झाली. ते खरंय, पण माणसं जास्त झाली म्हणजे नक्की काय झालं ते सुटं करून बघायला हवं होतं. पाच-सहा दिवस त्यावर बोलत बसलो. आकडा वाढला म्हणून माइक आला, माइक आला म्हणून पहाटेचा फायदाच गेला, कारण पहाटे जायचं कारणच मुळात हे की हळू बोललं तरी पुरतं. म्हणजे किती माणसं घ्यायची याचं माप आमच्याकडं पहिल्यापासून होतं, आम्ही ते वापरलं नाही. झोपलेल्या घराच्या खिडकीखाली ज्या आवाजात बोलावं त्या आवाजात शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, बस. आम्ही दोघांनी एका पहाटे त्याच बोळात जाऊन करून बघितलं, मी बोलणार, तो एकेक पाऊल मागं जाणार. साधारण तीन-साडेतीन पावलांनंतर त्याला शब्द तुटक यायला लागले. तेवढ्या अर्धवर्तुळात, अरुंद बोळात, आठ-नऊ माणसं उभी राहतात. बारा नाही. म्हणजे बाराही जास्तच होते, इतके दिवस ते खपलं कारण मागचे दोघं-तिघं ऐकू न आलं तरी बोलत नव्हते.

दुसरी गोष्ट आम्ही धरून चाललो होतो की पेठेतली माणसं पहाटेच उठलेली असतात. वाड्यात साडेपाचला दिवे दिसायचे, म्हणून आम्हाला वाटायचं सगळे जागे आहेत. ते दिवे पाण्यासाठी असायचे. पाच-साडेपाचला नळ येतो, हंडे भरून झाले की लोक पुन्हा आडवे होतात. म्हणजे आम्ही बरोब्बर दुसऱ्या झोपेच्या वेळी जायचो. तो नळ, ते हंडे रोज माझ्या समोर होते, मी त्यांच्यावर कात्रजची गोष्ट सांगत होते, आणि हे पाणी कुणी किती वाजता उठून भरलं हे मला कधी सुचलं नाही.

पण सगळ्यात मोठी चूक परवानगीची. मालकांची परवानगी घेतली, राहणाऱ्यांची नाही. पुण्यात वाडा म्हणजे काय परिस्थिती असते हे आम्हाला माहीत असायला हवं होतं, आम्ही इथलेच आहोत. मालक बाहेर, भाडेकरू तीन-तीन पिढ्यांचे, भाडं जुनं, डागडुजी कुणी करायची यावर वाद, पावसाळ्याच्या आधी महापालिकेची धोकादायक बांधकामाची नोटीस, आणि कुठंतरी बिल्डरचं बोलणं चालू. अशा घरात अंधारात सव्वीस माणसं मालकाचं नाव सांगत येतात, त्यातला एक टॉर्च लावून भेगांचे आणि टेकूंचे फोटो काढतो, तर घरातल्या माणसाला काय वाटेल? त्या काकांना वाटलं की मोजमाप घ्यायला माणसं आलीत, वाडा पडायला आलाय असं दाखवायचे पुरावे गोळा करतायत. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं वाड्यात गेलो. वॉकसाठी नाही, नुसतं भेटायला. सात बिऱ्हाडं आहेत. सातही दारांत गेलो. दोन ठिकाणी दारातूनच बोलणं झालं, एका ताईंनी दार उघडून ऐकून घेतलं आणि लावून टाकलं, ते त्यांचं बरोबर होतं. वरच्या काकांशी तासभर बोललो. ते म्हणाले की फोटो कुणी काढले त्याला सांगा ते काढून टाकायला. आम्ही कंपनीतल्या त्या माणसाला फोन केला, त्यानं लगेच सगळे फोटो काढून टाकले आणि काकांशी स्वतः फोनवर बोलला. माझ्या मते प्रकरण निवळलं ते या एका फोननं.

आजींकडं शेवटी गेलो. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही मागच्या वर्षीपासून येताय, मला माहितीये. मी आतून ऐकायची. आमच्या दारात उभं राहून आमच्या घराबद्दल सांगता, आणि आम्ही आत आहोत हे तुम्हाला ठाऊक असतं. मग एकदा दारावर थाप मारून विचारायला काय झालं होतं?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाहीये.

मी पैशाचं विचारलं, की दर वॉकमागं थोडी रक्कम वाड्यासाठी ठेवतो, जिन्यातला दिवा म्हणा, नळाची दुरुस्ती म्हणा. काकांनी तिथंच नाही म्हणून सांगितलं. पैसे घेतले की मालक उद्या म्हणणार भाडेकरू जागेचा धंदा करतायत, कोर्टात तेवढंच पुरतं. हे मला बिलकुल सुचलं नव्हतं. भलं करायला जाऊन आम्ही त्यांच्या गळ्यात आणखी एक अडचण बांधली असती.

शेवटी ठरलं ते असं. चौकात महिन्यातून फक्त दोन रविवार, आणि कुठले ते काका आदल्या बुधवारी सांगणार, कुणाकडं आजारपण, परीक्षा, पाहुणे असले तर नाही. माणसं जास्तीत जास्त आठ, आणि मागं मामेभाऊ. माइक बंद. वेळ सव्वासातनंतरची, म्हणजे जानेवारीत सूर्य उगवल्यावर, आणि त्यासाठी रस्ता उलटा केला. आता आधी त्रिशुंड, मग तांबट आळी, मग वाडा, मग कसबा गणपती, आणि शेवटी शनिवारवाडा. फोटो फक्त बाहेरून. उंबऱ्याबद्दल बोळाच्या तोंडाशीच सगळ्यांना एकदम सांगायचं, दिंडीत कुणी बोलायचं नाही. बाकीच्या रविवारी वाड्यात जायचंच नाही, समोरच्या कट्ट्याशी थांबून बाहेरूनच दाखवायचं.

रस्ता उलटा केल्याचा एक फायदा झाला जो आम्ही योजलेला नव्हता. त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवर काळ्या दगडात जे कोरीव काम आहे, साखळीनं बांधलेला गेंडा आणि शेजारी युरोपियन शिपाई, ते दिवसाच्या उजेडात सपाट दिसतं. अंधारात टॉर्च भिंतीला चिकटवून बाजूनं धरला की सावल्या पडतात आणि गेंड्याच्या गळ्याजवळच्या साखळीची एकेक कडी वर येते. १७५४ ला सुरू होऊन १७७० ला पुरं झालेलं देऊळ, त्यावर संस्कृत आणि फारसी असे दोन्ही लेख, आणि तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला. आधी आम्ही तिथं पोचायचो तेव्हा लख्ख उजाडलेलं असायचं. आता पावणेसहाला जमून आधी तिथंच जातो. तांबट आळीत मात्र तोटा झाला, कारण आता लवकर पोचतो आणि माठारकामाचे, म्हणजे तांब्याची भांडी ठोकून घडवण्याचे, ठोके सुरू झालेले नसतात, नुसतीच बंद दारं दाखवावी लागतात. त्याला अजून उपाय सापडलेला नाही.

पैशाचं गणित सांगायलाच हवं, नाहीतर हे सगळं हवेतलं वाटेल. आठ माणसं गुणिले चारशे म्हणजे बत्तीसशे, दोघांत, चहा वजा जाता फार उरत नाही. आम्ही फी साडेपाचशे केली, आठ पूर्ण झाले तर चव्वेचाळीसशे होतात. पहिले दोन महिने माणसं कमी झाली, एका रविवारी तिघंच होते. कंपन्यांचे फोन येतात, त्यांना सांगतो की वीस-पंचवीस माणसं असतील तर दिवसा, मोकळ्या जागी करू, शनिवारवाडा आठला उघडतो, आतलं पटांगण, कारंज्यांच्या जागा, तटबंदी सगळं नीट दाखवतो, पण पेठेच्या आत नाही. निम्मे जण हो म्हणतात, निम्मे दुसरीकडं जातात.

मालकांचा भाग राहिलाच. त्यांना आम्ही कळवलं की आता आम्ही राहणाऱ्यांना विचारूनच येतो. त्यांना ते आवडलं नाही. वाडा माझा आहे, त्यांना कशाला विचारता, असं म्हणाले. मामेभाऊ म्हणाला, काका, तुमची परवानगी पाहिजेच, पण ती एकटी पुरत नाही. त्यावर बघतो म्हणाले. ते नको म्हणाले तर आम्ही चौकात जाणं बंद करू, दोघांच्या भांडणात एका बाजूचे होऊन आत शिरायचं नाही हे आमचं पक्कं आहे.

मागच्या ठरलेल्या रविवारी सात जण होते. साडेसातला चौकात गेलो, मी खांबाबद्दल सांगायला सुरुवात केली तर आजी ओसरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, थांब, हे मी सांगते. त्यांनी ओसरीच्या कडेच्या सुरूच्या खांबावर हात ठेवला. खांबाचा खालचा भाग, साधारण गुडघ्यापर्यंत, वरच्यापेक्षा काळपट आणि खरबरीत आहे, मी तो वर्षभर बघत होते आणि मला वाटायचं ओल आलीय. आजी म्हणाल्या, १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं त्या दिवशी पाणी इथवर आलं होतं, मी परकर पोलक्यात होते, आम्हाला सगळ्यांना वरच्या मजल्यावर नेलं होतं आणि वरून मी माझी पाटी तरंगत जाताना बघितली. त्यांचं बोट खांबाच्या त्या रेषेवर होतं. सात माणसं जवळ सरकली, कुणी काही बोललं नाही, आणि आजी तर एवढ्या हळू बोलत होत्या की वरच्या मजल्यावरचं एकही दार उघडलं नाही.

पुढचा चौकाचा रविवार काकांनी परवा कळवलाय. सहा नावं आलीत, दोन जागा आहेत. मालकांचा फोन अजून आलेला नाही.